साखर वरच्या मजल्यावर

हेमलताची साखर खाली गेली की तिची नणंद खाली यायची.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या दुमजली घरात जिन्यावरची रहदारी तेवढीच. एरवी वरची वर, खालची खाली. भाजीची बिनड्रायव्हरची गाडी फाटकाशी येऊन थांबली की आधी वरची पिशवी भरून जायची. ती वर पोचल्याचा आवाज आल्याशिवाय खालचं दार उघडायचं नाही. पण हेमलताच्या दंडावरच्या पट्टीनं रक्तातली साखर फार उतरल्याचं टिपलं, की वर नणंदेच्या, म्हणजे वृंदाच्या, टीव्हीशेजारचं आणि खाली हेमलताच्या ओट्यावरचं, अशी दोन्ही डबडी एकदम बोलायला लागायची.

"हेमलताबाईंची साखर उतरत आहे. सोबतींनी कृपया जावे."

मग जिन्यावर चपला वाजायच्या. वृंदा माईणकर उभा जन्म शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेली बाई. ती जिना उतरायची नाही, जिन्यावर कवायत करायची. हातात साखरेचा स्टीलचा डबा. खाली आली की हेमलताच्याच माठातलं पाणी घ्यायचं, त्यात साखर घालून खळाखळा ढवळायची आणि पेला पुढे करायचा. तोंडातून शब्द नाही. हेमलता प्यायची. आकडा वर येईपर्यंत दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसायच्या. एक घामाघूम, दुसरी भिंतीवरच्या कॅलेंडरात काहीतरी शोधत असल्यासारखी.

बोलायच्या त्या डबड्याशी.

"हिला विचार, दुपारी जेवली का."

डबडं बिचारं आज्ञाधारक. "सोबती विचारत आहेत, आपण दुपारी जेवलात का?"

"वन्संना सांग, जेवले. दीड भाकरी."

"हेमलताबाई सांगत आहेत, दीड भाकरी."

"दीड भाकरीवर एवढं इन्सुलिन? हिला म्हणावं, डोकं वापर."

"सोबती सुचवत आहेत की आपण डोक्याचा वापर करावा."

हेमलता पेल्यात बघून हसू गिळायची. अंगाचं थरथरणं थांबलं, ओठांच्या मुंग्या गेल्या, की वृंदा डबा उचलायची आणि पुन्हा कवायत करत वर. हेमलता कुणाजवळ कबूल करणार नाही, पण तेवढ्या वेळावर तिचा आठवडा निघायचा.

भांडण उदयवरून. उदय म्हणजे हेमलताचा नवरा आणि वृंदाचा धाकटा भाऊ. त्यालाही हाच आजार, आणि त्याच्यावर तो जास्त उलटला. आधी पाय गेला, मग मूत्रपिंडं. शेवटच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्यानं आमरस मागितला आणि हेमलतानं दिला. मग रोज मागितला, रोज दिला. तो गेला. दहाव्याला घाटावरून परतलेल्या सगळ्या माणसांसमोर वृंदा म्हणाली, "आमच्या उदयला हिनं गोड घालून मारला."

दुसऱ्या दिवशी घरातली साखर, गूळ, मध, मुरांब्याची बरणी, सगळं हेमलतानं धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या पिशवीत भरलं. त्यानंतर खालच्या मजल्यावर साखरेचा कण आला नाही. पाहुण्यालाही बिनसाखरेचा चहा, आणि वर "आमच्याकडे असाच असतो." साखर लागलीच, तर जिनं आरोप केला तिनंच ती आणून पाजावी, असा तो हट्ट होता. आणि वृंदाही असली, की ती दर खेपेला मुकाट्यानं आणून पाजत होती.

त्या काळात नियमच होता, की इन्सुलिन घेणारं माणूस एकटं राहत असेल तर हाकेच्या अंतरावर त्याचा एक 'सोबती' नोंदलेला हवा. हेमलताला ना मूल, ना बाळ. कोणाचं नाव द्यायचं या विचारात ती असतानाच दवाखान्यातून कळलं, की सोबती मिळाले. नाव ऐकून तिला बरं वाटलं की राग आला, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

*

मिरजेच्या डॉक्टर नाझनीन मुजावर बोलायला मोकळ्या होत्या आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती.

"हे बघा काकू, तुमचं आत्ताचं इन्सुलिन म्हणजे विहिरीवर चालू करून विसरलेली मोटर. विहिरीत पाणी असो नसो, ती उपसतच राहते. तुम्ही कमी जेवलात, की विहीर कोरडी. तेच तुमचं साखर उतरणं."

"आणि हे नवीन?"

"ह्या मोटरला बॉल आहे. पाणी वर चढलं, बॉल वर, मोटर सुरू. पाणी खाली गेलं, बॉल खाली, मोटर बंद. आपोआप."

तो बॉल म्हणजे खरं तर रेणूवरचं टोपण होतं. या इन्सुलिनच्या प्रत्येक कणाला एक टोपण बसवलेलं; ते असेपर्यंत कण झोपलेला. रक्तात ग्लुकोज वाढलं की ते टोपणाला चिकटून त्याला बाजूला करतं आणि कण जागा होऊन कामाला लागतो. ग्लुकोज उतरलं की टोपण परत जागेवर. पोटाच्या कातडीखाली टोचल्यावर औषधाचा वाटाण्याएवढा मऊ गोळा तयार व्हायचा आणि महिनाभर झिरपत राहायचा. त्याच सुईत आतड्यातल्या एका संप्रेरकाची हुबेहूब नक्कलही होती. ती जठर सावकाश रिकामं करायची आणि मेंदूला सांगायची, पुरे आता.

"सुरुवातीला मळमळेल. जेवण निम्म्यावर येईल," डॉक्टर म्हणाल्या. "पण साखर उतरणार नाही. त्यामुळे सोबतीची भानगडच मिटली. पहिला महिना बघू. दुसऱ्या डोसला आलात, की तुमच्या स्वतःच्या आवाजात सोबतींना मोकळं करायचं."

"मोकळं करायचं म्हणजे? त्या काय बांधलेल्या आहेत?"

डॉक्टरांनी मान वर केली. "काकू, हाकेच्या अंतराबाहेर गेल्या की त्यांचा फोन बोंबलायला लागतो. बाहेरगावी जायचं नाही, कुणाकडे राहायला जायचं नाही. लिहूनच देतात ते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

हेमलताला वाटत होतं, म्हातारपणी वन्सं घरकोंबड्या झाल्या.

"आणि इन्सुलिन टोचायची जुनी पेनं सगळी परत करा हं. हे आणि ते एकत्र अजिबात चालणार नाही."

तिनं परत केली. एक सोडून. चांगली, न वापरलेली वस्तू देऊन टाकणं तिच्या स्वभावातच नव्हतं. ते पेन फ्रिजच्या दारात लिंबाच्या लोणच्यामागे राहिलं. असू दे, लागेल कधीतरी. त्या दारात उदयच्या डोळ्यांचे थेंबसुद्धा अजून होते.

*

पहिले काही दिवस मळमळीत गेले. आलं चघळायचं, पडून राहायचं, शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला की खिडकी लावून घ्यायची. मग मळमळ ओसरली आणि तिच्यामागून एक विचित्र शांतता आली. भूक नावाचं माणूस घर सोडून गेल्यासारखं झालं. सकाळी चहा, दुपारी चार घास, संध्याकाळी ताक. डोक्यात दिवसभर चालणारी ती कुजबुज, डब्यात भडंग आहे, एक मूठ खाल्लं तर काय होतंय, सरळ बंद. त्या कुजबुजीशी भांडण्यात आपले किती तास जात होते, हे हेमलताला आता कळलं, कारण ते सगळे तास आता तिच्या अंगावर आले.

ती माळा आवरायला लागली. माळा झाला, ट्रंका काढल्या. ट्रंका झाल्या, पडदे धुतले, मग वाळलेले पडदे पुन्हा धुतले. बागेत जाऊन यायची, आल्या आल्या परत चपला घालायची. कशात जीव लागेना. पट्टीचा आकडा रोज तोच, शहाण्या मुलासारखा एका जागी बसलेला. डबडं सकाळ-संध्याकाळ एकच वाक्य म्हणायचं, "हेमलताबाई, आज सगळं छान आहे," आणि तिला ते उचलून आपटावंसं वाटायचं.

जिना वाजत नव्हता.

छान वाटायला हवं होतं. डोळ्यांसमोरची अंधारी गेली होती, पायांची आग कमी झाली होती. दोन जिने चढले असते तरी धाप लागली नसती. पण चढायचं कुठं?

एका सकाळी डबडं नेहमीच्या वाक्यावर थांबलं नाही. "सोबतींचा निरोप आहे. ऐकवू?"

हेमलताच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "ऐकव."

"सोबती सांगत आहेत, फलटणला मुलींची खो-खोची प्रबोधिनी आहे. तिथं शिकवायला बोलावलं आहे. राहण्याची सोय तिथंच आहे. आधी दोनदा नाही म्हटलं होतं, आता हो म्हणणार आहे. हिला म्हणावं, दुसऱ्या डोसला मला मोकळं करायला विसरू नको. निरोप संपला. उत्तर द्यायचे आहे का?"

आधी दोनदा. हेमलता स्टुलावर बसली. म्हणजे वर ती बाई खो-खोला दोनदा नाही म्हणून खाली साखर घेऊन येत होती, आणि आल्यावर कॅलेंडर बघत होती.

"उत्तर द्यायचे आहे का?"

"नाही."

तिला सरळ वर जाता आलं असतं. जिना तिचाच होता. पण वर जाऊन म्हणायचं काय? जाऊ नका? कुठल्या तोंडानं? ज्या बाईनं चारचौघांत आपल्याला नवऱ्याची मारेकरीण ठरवलं, तिच्या दारात जाऊन राहा म्हणायचं? आणि नाही म्हणायचं, तर खालच्या मजल्यावर एवढे मोठे दिवस कुणाच्या चपलांची वाट बघत काढायचे?

दुसऱ्या डोसची तारीख जवळ आली तशी ती घरातल्या घरात जास्तच फिरायला लागली. आणि फिरता फिरता एका दुपारी फ्रिजसमोर थांबली.

*

विचार साधा होता. एकदा, फक्त एकदा साखर उतरू द्यायची. डबडी बोलतील. वन्सं खाली येतील, पेला पुढे करतील, आणि त्यांना दिसेल की हे नवीन औषधही भरवशाचं नाही. मग कशाच्या जातायत फलटणला.

तिनं लोणच्याची बरणी सरकवली, पेन काढलं, आणि पूर्वी घ्यायची तेवढंच टोचून घेतलं. जेवली नाही. जेवावंसं वाटतच नव्हतं, त्यामुळे ते काही अवघड गेलं नाही. साडी बदलली, केस विंचरले. येणारं माणूस येणार म्हटल्यावर निदान नीट दिसावं.

मग ती ओट्यापाशी बसून वाट बघायला लागली.

घाम आला. आला म्हणजे आलाच, पाठीवरून ओघळ. बोटं थरथरायला लागली. ती डबड्याकडे बघून जवळजवळ हसली. आता बोल.

"हेमलताबाई," डबडं म्हणालं, "आपली पट्टी सैल झाल्यासारखी वाटते. कृपया दाबून बसवा."

"सैल नाहीये. साखर उतरलीय."

"आपल्या औषधावर साखर एवढी उतरत नाही. काळजी करू नये."

"अरे, मी सांगतेय ना! वर सांग!"

"नवीन पट्टी पाठवण्याची विनंती केली आहे. उद्यापर्यंत मिळेल. आज सगळं छान आहे."

औषध बनवणाऱ्यांनी हजारो माणसांवर बघून ठेवलं होतं, की याच्यावर साखर धोक्याच्या खाली जात नाही. डबड्याला शिकवणाऱ्यांनी तेच वाक्य त्याच्या मनात घट्ट बसवलं होतं. मग उतरलेला आकडा समोर आला, तर खोटं कोण? औषध नक्कीच नाही. म्हणजे पट्टी. साठीतली एक बाई फ्रिजच्या दारात एक पेन जपून ठेवील, आणि नणंद जिन्यावरून खाली यावी म्हणून ते टोचून घेईल, ही गोष्ट कुणालाही सुचलेली नव्हती. म्हणून वरचं डबडं गप्प होतं. खालचं गोड बोलत होतं.

"वन्संना सांग," ती म्हणाली. जीभ जड झाली होती.

"तातडीचे नसल्यामुळे निरोप नोंदवून ठेवते."

एरवी साखर उतरली की भूक अशी खवळायची, की हेमलता कच्चे पोहेसुद्धा तोंडात कोंबायची. आज पोटानं चकार शब्द काढला नाही. भुकेची ती हाकच औषधानं मिटवून टाकली होती. ती उठली, फ्रिज उघडला, आत बघत उभी राहिली. लिंबं. ताक. कोथिंबिरीची जुडी. कशाला उघडला होता हा? थंडगार वारा तोंडावर येत होता आणि तिला एकाएकी सगळ्यांचा भयंकर राग आला. उदयचा, डॉक्टरांचा, कोथिंबिरीचा.

साखर. साखर हवी. साखर वर आहे.

जिना ती बसून चढली. एक पायरी, मग खालची पायरी कुठली आणि वरची कुठली याचा गोंधळ, मग परत एक. भिंत ओली वाटत होती. तिचाच हात घामानं ओला होता. मध्यावर कठड्याला डोकं टेकलं तेव्हा इतकं बरं वाटलं, की इथंच जरा पडावं असं वाटून गेलं. वरून टीव्हीवर कसलातरी सामना ऐकू येत होता. शिट्टी वाजली.

"वन्सं," ती म्हणाली. आवाज घशातच राहिला. पुन्हा म्हणाली. काही नाही.

मग तिनं पायातली चप्पल काढली आणि होती नव्हती ती ताकद एकवटून वरच्या दारावर फेकून मारली.

*

"कोण आहे रे तिकडे?" करत वृंदानं दार उघडलं. आधी चप्पल दिसली. मग जिन्यात साडीचा बोळा.

सवय मोठी वाईट. वृंदा वळून टीव्हीशेजारच्या डबड्याला म्हणाली, "हिला विचार, काय झालं."

"हेमलताबाईंची प्रकृती उत्तम आहे," डबडं म्हणालं.

वृंदानं एकदा डबड्याकडे बघितलं, एकदा जिन्यात. "गप्प बैस मेल्या!" म्हणत तिनं त्याची वायर भिंतीतून उपटली, आणि पायऱ्या उतरून हेमलताचा चेहरा दोन्ही हातांनी धरला.

"हेमा! इकडे बघ. माझ्याकडे बघ. काय घेतलंस?"

"जुनं."

"किती?"

"नेहमीचं. तुम्ही आलाच नाहीत."

साखरेचं पाणी अर्धं तोंडात गेलं, अर्धं पदरावर सांडलं. वृंदा वाट बघत राहिली. पूर्वी एवढ्या वेळात गाल परत लाल व्हायचे. आज काही हलेना. पोट आता सावकाश रिकामं होत होतं, त्यामुळे साखर आत पोचूनही वाटेतच रेंगाळत होती, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण नेहमीसारखं होत नाहीये, एवढं पी.टी.च्या बाईला चटकन कळलं. सोबती झाली तेव्हा दवाखान्यानं दिलेली, नाकात मारायची भुकटी कपाटात होती. यकृतात साठवलेली साखर ती रक्तात सोडायला लावते, असं तेव्हा सांगितलं होतं. वृंदानं ती आणली, हेमलताची मान मागे केली आणि नळी दाबली. मग रुग्णवाहिकेला फोन लावून तिथल्या बाईला अशा आवाजात पत्ता सांगितला, की पलीकडची बाई "हो मॅडम" म्हणाली.

थोड्या वेळानं हेमलताच्या डोळ्यांत ओळख आली. दोघी जिन्यातच बसल्या होत्या. वृंदा तिच्या दातांच्या कडेला बोटानं साखर चोळत होती.

"अक्कल आहे का तुला? मरायचं होतं?"

"मरायचं नव्हतं. तुम्हाला खाली बोलवायचं होतं."

"मग हाक मारायची! तोंड दिलंय ना देवानं?"

"हाक मारली असती तर आला असतात?"

"पहिल्या हाकेला नसते आले," वृंदा म्हणाली. "दुसऱ्या हाकेला आले असते."

"मला काय ठाऊक, दोन माराव्या लागतात."

वृंदा हसली नाही. बोटाची साखर पदराला पुसत राहिली.

"तुम्ही सगळ्यांसमोर बोललात," हेमलता म्हणाली. जिभेचं जडपण अजून गेलं नव्हतं, पण हे वाक्य इतक्या वेळा मनात म्हणून झालं होतं की ते आपोआप बाहेर पडलं. "गोड घालून मारला म्हणालात."

"बोलले."

"अजून तसंच वाटतं?"

"मी म्हटलं ते सगळं खोटं नव्हतं," वृंदा म्हणाली. "आणि तू केलंस ते चूक नव्हतं. त्याचं तोंड बघितलंय मी, वाटी चाटून पुसून घ्यायचा. दोन्ही खरं असलं तर माणसानं बोलायचं काय, ते मला कळेना. म्हणून नाही बोलले."

"एवढं तरी सांगायचं."

"कुणाला? त्या डबड्याला? 'सोबती सांगत आहेत की दोन्ही खरं आहे'?"

हेमलता हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि रुग्णवाहिकेची माणसं जिना चढून आली तेव्हा दोघींपैकी कुणाला स्ट्रेचरवर घ्यायचं, हे त्यांना क्षणभर कळलं नाही.

*

दवाखान्यात रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी डॉक्टर मुजावर आल्या त्या चिडलेल्याच आल्या, पण हेमलताचा हात हातात घेतल्यावर त्यांचं चिडणं टिकलं नाही.

"काकू, पेन ठेवलंत तुम्ही."

"चांगलं होतं हो."

"त्या डबड्याचा नियम बदलायला सांगितलाय मी. आकडा उतरला की आधी माणसाला विचारा आणि माणूस म्हणेल ते खरं धरा, असं. तुमच्यासारखी आणखी किती फ्रिजं असतील देव जाणे."

डॉक्टर बाहेर गेल्या. वृंदा खिडकीपाशी उभी होती. खाली दवाखान्याच्या आवारात कुणीतरी धावत बस पकडत होतं आणि वृंदाची टाच तिच्या नकळत फरशीवर ताल धरत होती.

"फलटणला नाही म्हणून कळवलंय," ती खिडकीशीच बोलल्यासारखी म्हणाली. "तुझा काही नेम नाही."

झालं. हेच तर हवं होतं. वन्सं राहणार होत्या. आता रोज जिना वाजेल, आणि वाजेल तेव्हा त्यात एक बाई नको असलेल्या पायऱ्या उतरत असेल. हेमलतानं डोळे मिटून हे आनंदानं स्वीकारायचा प्रयत्न केला. जमेना.

"डॉक्टरांना बोलवा," ती म्हणाली.

दुसऱ्या डोसचा दिवस आलाच होता. सुई पोटात गेली, निघाली. डॉक्टरांनी टॅबलेट पुढे धरला. टॅबलेटमधून तोच गोड आवाज आला, "आपण आपल्या सोबतींना मोकळं करू इच्छिता का?"

"नाही म्हण," वृंदा म्हणाली. "हेमा, नाही म्हण. उद्या परत काही टोचून घेतलंस तर?"

"तर तुम्ही फलटणहून याल आणि मी मेलेली असेन. बोलायला कुणी नसेल. म्हणून नाही टोचून घेणार." हेमलतानं टॅबलेट जवळ ओढला. "मी, हेमलता उदय माईणकर, माझ्या सोबतींना मोकळं करते."

"खात्री आहे?"

"नाही. पण करते."

टॅबलेटनं एक हिरवी खूण दाखवली आणि तो गप्प झाला.

"मला न विचारता?" वृंदा चिडली. "मी काय गाय आहे, दावणीची सोडायला?"

"तुम्ही स्वतःला बांधून घेतलंत, तेव्हा मला विचारलं होतंत?"

वृंदानं प्रबोधिनीत परत फोन लावला, आणि जायच्या दिवसापर्यंत घरात आदळआपट करत राहिली. निघताना रिक्षात बसल्यावर म्हणाली, "फोनबिन करायची मला सवय नाही." हेमलता म्हणाली, "मलाही नाही." आणि दोघींनी ते इमानदारीनं पाळलं.

घर आता खालपासून वरपर्यंत शांत. डबडं दवाखान्यानं परत नेलं होतं. हेमलता चार घास खायची, चालून यायची, परत चालायला निघायची. धुवायला पडदे उरले नव्हते. पायांची आग गेली होती आणि पाय मात्र जागेवर राहत नव्हते. एका सकाळी चालताचालता ती बसस्टँडपर्यंत आली. तिथं फलटणची बस लागली होती. ती त्या बसकडे जराशा संशयानं बघत राहिली, आणि मग आत जाऊन बसली.

प्रबोधिनीचं मैदान शोधायला त्रास पडला नाही. शिट्टी रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. ऊन कलत होतं. मैदानात मुलींची रांग बसलेली, एक पाठीमागून पळत होती, दुसरी तिच्यामागे, आणि रेषेवर पांढरी टोपी घातलेली वृंदा दोघींवर ओरडत होती. हेमलता कुंपणाशी थांबली. वृंदानं तिला बघितलं. ये म्हणाली नाही, कशी आलीस म्हणाली नाही.

"उभी काय राहिलीस तिथं?" ती मैदानाच्या त्या टोकावरून ओरडली. "ती मधली पट्टी दिसते का? पाठलाग करणारीनं ओलांडली तर सांग. मला दोन डोळे पुरत नाहीत."

हेमलता पर्स खांद्याला अडकवून पट्टीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. खो-खो तिनं शाळेनंतर बघितला नव्हता. पोरी वाऱ्यासारख्या पळत होत्या. तिनं मान पुढे काढली, डोळे बारीक केले.

"ओलांडली!" ती एकदम किंचाळली. "ओलांडली, ओलांडली!"

शिट्टी वाजली. पोरी थांबल्या. वृंदा तरातरा आली. "कुठं ओलांडली?"

"ही काय, इथं! अंगठा पलीकडे होता!"

"अंगठा नव्हता. सावली होती."

"वन्सं, मी इथं उभी आहे. तुम्ही तिथं होतात, त्या खांबाशी!"

"उभा जन्म हेच बघतेय मी. तू काल आलीस."

"आज आले. आणि आज मला अंगठा दिसला. तुमच्या डोळ्यांना चष्मा लावून घ्या आधी."

"माझ्या मैदानात येऊन मला शिकवतेस?"

"तुम्हीच सांगितलंत ना, बघ म्हणून? मग ऐकून घ्यायची तयारी ठेवा!"

पोरी आधी एकमेकींकडे बघून हसल्या, मग कमरेवर हात ठेवून वाट बघायला लागल्या, आणि शेवटी जिथं होत्या तिथंच मातीत मांडी घालून बसल्या. लवकर आटपणाऱ्यातलं हे भांडण नव्हतं, हे त्यांनासुद्धा दिसत होतं.